नकलेवर जगलेले सिनेमे
(एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरी माळवदाखालच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजीचे लुगडे, शेताच्या वाटणीचे कागद आणि तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीसपस्तीस सीड्या आहेत. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी ‘चित्रपट’ या विषयावर लेख द्यायचे ठरले, तेव्हा वर्गातील मित्रांनी दादासाहेब फाळके, व्ही. शांताराम, ‘श्यामची आई’ असे मोठे विषय पटापट वाटून घेतले. मी मागे राहिलो. घरी आलो आणि ती पेटी आठवली. मोठ्या शहरातील मोठ्या सिनेमांवर पुस्तके आहेत, लेख आहेत. पण ज्या सिनेमाला ना धड थिएटर मिळाले, ना वर्तमानपत्रात जाहिरात, जो केवळ टेप आणि तबकडी यांवरून घरोघर फिरला, त्याची नोंद कोण घेणार? वाचकहो, त्या सिनेमाचा थोडा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम तंत्राविषयी दोन शब्द, कारण पुढची सारी कथा त्या तंत्रावर उभी आहे. घरी सिनेमा पाहण्याची सोय सर्वसामान्यांपर्यंत नेली ती व्हीएचएस नावाच्या टेपने. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर आला. ज्याच्या घरी व्हीसीआर नाही, त्याच्यासाठी व्हिडिओ पार्लर निघाले. एक खोली, एक टीव्ही, खाली सतरंजी किंवा चार बाकडी आणि दोन-चार रुपये तिकीट. तालुक्याच्या गावाला हेच दुसरे थिएटर होते.

टेपला एक खोड होती. एका टेपवरून दुसरी उतरवली की चित्र थोडे पुसट होई, दुसरीवरून तिसरी उतरवली की आणखी पुसट. म्हणजे नकलेची नक्कल काही पिढ्यांनी आपोआप मरत असे. १९९३ मध्ये व्हिडिओ सीडी आली आणि ही मर्यादा संपली. सीडीवर चित्र आकड्यांच्या रूपात असते. प्लास्टिकच्या तबकडीवर अतिसूक्ष्म खड्डे पाडलेले असतात, त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असतो आणि लेसरचा किरण ते खड्डे वाचत जातो. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटांचा सिनेमा मावतो. म्हणून आपल्या अडीच तासांच्या हिंदी सिनेमाच्या नेहमी दोन किंवा तीन सीड्या असत आणि ऐन मारामारीत उठून दुसरी घालावी लागे. चित्र फार स्वच्छ नसे, पण आकड्यांची नक्कल करताना आकडे बदलत नाहीत. त्यामुळे शंभरावी नक्कलही पहिल्यासारखीच दिसे. शिवाय या तबकडीला नकलेपासून बचावाचे कसले कुलूपच नव्हते. घरच्या संगणकावर, कोऱ्या सीडीवर, काही मिनिटांत सिनेमा उतरत असे. पुढचे बरे आणि वाईट दोन्ही या एका गोष्टीतून जन्मले.

आता मालेगावकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील हे गाव यंत्रमागांचे. दिवसरात्र मागांचा खडखडाट आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. त्या सुट्टीत मागावरचा कामगार सिनेमाला जातो. या गावात शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवत असे. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता आपणही एक काढावा, असे त्याच्या मनाने घेतले. त्यातून ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. साल २०००. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास. लग्नाचे चित्रण करतात तसला व्हिडिओ कॅमेरा, नट म्हणून गावातलेच कामगार आणि दुकानदार, आणि मूळ ‘शोले’तील डाकूंच्या घोड्यांऐवजी सायकली! कॅमेरा पुढे सरकवायला रूळ नव्हते, म्हणून तो सायकलवर बसवला. उंचावरून दृश्य घ्यायला क्रेन नव्हती, म्हणून बैलगाडीच्या दांड्या वर करून माणसाला वर चढवले. या युक्त्या फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात प्रत्यक्ष पाहायला मिळतात. हा माहितीपट २००८ चा, भारतातील चित्रगृहांत आला तो २०१२ मध्ये. त्यात नासिर आणि त्याचे मित्र ‘मालेगाव का सुपरमॅन’ तयार करताना दिसतात. सुपरमॅनचे काम करणारा शफीक हा हाडकुळा तरुण मागावर राबणारा. माहितीपट आपल्याकडे थिएटरला लागला, तेव्हा तो या जगात नव्हता. तोंडाच्या कर्करोगाने त्याला नेले होते.

या गावाचे नाव २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे देशभर झाले. त्याच गावातली माणसे हसण्यासाठी एवढी धडपड करीत होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. मालेगावचे सिनेमे ‘हसायचे सिनेमे’ म्हणून ओळखले जातात, पण नीट पाहिले तर त्यात एक गंभीर गोष्ट आहे. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्यासाठी कर्नाटकात रामनगरच्या खडकांत उभा केला गेला. तो सिनेमा मागावरच्या माणसाने पार्लरमध्ये लहानशा टीव्हीवर पाहिला आणि म्हटले, यातला गब्बर आमच्या गल्लीतल्या माणसासारखा बोलला तर? ही बोलीची हौस आहे. स्वतःचा आवाज पडद्यावर ऐकण्याची हौस आहे.

हीच हौस हैदराबादलाही दिसते. २००५-०६ च्या सुमारास ‘द अंग्रेझ’ नावाचा एक कमी खर्चाचा सिनेमा तिथे निघाला. चारमिनारच्या परिसरातला इस्माईलभाई नावाचा गल्लीतला दादा, त्याचे गप्पिष्ट साथीदार, आणि परदेशातून आलेले दोन तरुण, असा त्याचा मामला. गुन्हेगारी आहे, पण हसतखेळत. भाषा अस्सल दखनी. या सिनेमाची खरी कीर्ती पसरली ती सीडीवरून. आमच्या गंगाखेडला ती भाषा समजावून सांगावी लागली नाही. १९४८ पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्याच राज्यात होता, आणि गंगाखेडचे स्टेशन तर परभणीहून परळीमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. त्या गाडीने कपडा आला, बांगड्या आल्या, तशाच सीड्याही आल्या.

त्या सीड्या गंगाखेडात ज्या चार-दोन टपऱ्यांवर मिळत, त्यातली एक माझ्या वडिलांची होती. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांची लाकडी टपरी होती. एका सीडीचे एका दिवसाचे भाडे दहा रुपये. खेड्यापाड्यांत लग्नाला, बारशाला, गणपतीत रात्रभरासाठी टीव्ही आणि प्लेअर मिळून भाड्याने देत. भारनियमनाच्या दिवसांत सोबत बॅटरीही द्यावी लागे. अकरावीच्या प्रवेशअर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मजुरी’ लिहिले होते. ते खोटे नव्हते, कारण आता ते मोंढ्यात हमाली करतात. पण टपरीबद्दल मी कधी कोणाला सांगितले नव्हते. कारण तिथल्या सगळ्याच सीड्या खऱ्या नव्हत्या. काही कंपनीच्या, छापील वेष्टनाच्या होत्या. बाकीच्या कोऱ्या तबकडीवर उतरवलेल्या.

इथे कायद्याविषयी सांगितले पाहिजे. प्रताधिकाराचा म्हणजे कॉपीराइटचा आपला कायदा १९५७ चा. व्हिडिओच्या चोरट्या नकला वाढल्या तेव्हा १९८४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कॅसेटवर व तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता व सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत दाखवणे सक्तीचे झाले. महाराष्ट्रात तर त्याहून कडक उपाय झाला. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ चा एक कायदा आहे. त्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट, म्हणजे दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, यांचाही समावेश झाला. दारूची भट्टी लावणारा आणि सिनेमाची नक्कल विकणारा एका ओळीत बसले.

त्याच सुमारास जवळच्या एका गावी सीड्यांच्या दुकानावर धाड पडल्याची बातमी आली. मी तेव्हा तीनचार वर्षांचा होतो, त्यामुळे पुढचे आईकडून ऐकलेले. अण्णांनी त्या रात्री उतरवलेल्या सीड्या पोत्यात भरून घरामागच्या वाड्यात जाळल्या. प्लास्टिकच्या धुराने म्हैस सारखी ठणठणत होती म्हणे. सकाळी टपरीला कुलूप लागले ते पुन्हा उघडले नाही. तसेही धंद्याचे दिवस भरत आले होते. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने अधिकृत व्हीसीडी अवघ्या २८ रुपयांना विकायला काढली होती. मग मोबाइल आला, मेमरी कार्ड आले. ती मोझर बेअर कंपनीसुद्धा २०१८ मध्ये अवसायनात निघाली. जिथे एवढी मोठी कंपनी टिकली नाही, तिथे टपरीची काय कथा!

इतके झाल्यावर वाचक विचारतील, यात परभणी-मालेगावच्या बाहेरचे काही आहे की नाही? आहे. आमच्या इंग्रजीच्या सरांशी या विषयावर बोलत होतो, तेव्हा त्यांनी जमैका या देशाचे नाव घेतले. कॅरिबियन समुद्रातले हे लहानसे बेट, लोकसंख्या तीस लाखांच्या आत. १९७२ मध्ये तिथे पेरी हेन्झेल या दिग्दर्शकाने ‘द हार्डर दे कम’ हा सिनेमा काढला. खेड्यातला एक मुलगा गायक व्हायला किंग्स्टन शहरात येतो, कवडीमोलाने त्याचे गाणे विकत घेतले जाते, शेवटी तो बंदूक हातात घेतो आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडतो. नायकाचे काम गायक जिमी क्लिफ यांनी केले. १९४८ मध्ये मारल्या गेलेल्या एका खऱ्या फरारी गुन्हेगाराच्या आयुष्यावरून ही कथा सुचली. पात्रे जमैकाची बोली बोलतात. ती मूळची इंग्रजीतून निघालेली, पण अमेरिकेत हा सिनेमा दाखवताना खाली इंग्रजी अक्षरे द्यावी लागली! या सिनेमात एक प्रसंग आहे. खेड्यातून आलेला तो मुलगा किंग्स्टनच्या थिएटरात ‘जँगो’ नावाचा इटालियन मारामारीचा सिनेमा पाहतो आणि हरखून जातो. मला तो प्रसंग पाहून मालेगावचे पार्लर आठवले. ‘शोले’ही अशाच पाश्चात्त्य बंदूकपटांच्या घराण्यातला. कुठले इटलीचे घोडेस्वार, पण किंग्स्टनच्या आणि मालेगावच्या गरीब पोरांनी त्यांना आपापल्या गल्लीत आणून आपली बोली बोलायला लावली.

जमैकाचा दुसरा सिनेमा आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. ‘शॉटाज’ हा तो सिनेमा, दिग्दर्शक सेस सिल्व्हेरा. किंग्स्टनच्या वस्तीतील दोन मित्र लहानपणीच लूटमार करतात, अमेरिकेत मायामीला जातात आणि तिथे गुन्हेगारीच्या जगात वर चढतात, अशी कथा. प्रमुख भूमिकेत प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांचा मुलगा काय-मानी मार्ली आहे. खर्च बेताचाच. सिनेमा २००२ मध्ये तयार झाला, पण अधिकृतपणे चित्रगृहात आला तो २००६ मध्ये. मधल्या काळात त्याच्या चोरट्या तबकड्या हातोहात फिरल्या आणि रीतसर प्रदर्शनाआधीच तो जमैकाच्या लोकांत तोंडपाठ झाला. मग मोठ्या कंपनीने तो घेतला, रीतसर डीव्हीडी काढली. आता यात चोराने सिनेमाचे नुकसान केले की सिनेमाला प्रेक्षक मिळवून दिला? मला वाटते, दोन्ही केले. ज्या सिनेमाला कोणी थिएटर देत नाही, त्याच्यासाठी नक्कल हीच वाट असते, आणि त्या वाटेवर बसलेला वाटमाऱ्याही तीच असते.

मी हे सगळे अण्णांना सांगितले. जेवण झाल्यावर ते ओसरीवर बसले होते. मी विचारले, “अण्णा, ज्यायनं तो सिनेमा काढला, त्यायला तुमच्या दहा रुपयांतलं काय मिळत होतं?”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काहीच न्हाई. पर लेकरा, म्या जर ती शिडी आणली नसती, तर हितं त्यायला कोन वळखत होतं?”

“पण नाव तरी ठाऊक होतं का त्यायचं?”

“नाव पहिल्या शिडीत यायचं सुरुवातीला. लोक म्हनायचे, पुढं ढकल. म्या ढकलायचो.”

पेटीतल्या सीड्यांमध्ये एकच उतरवलेली सीडी जळण्यातून वाचली आहे. तिच्यावर स्केचपेनने ‘मालेगाव २’ एवढेच लिहिले आहे. कुठला तरी चोर-पोलिसांचा विनोदी सिनेमा, त्याचा दुसरा अर्धा भाग. पहिली तबकडी पोत्यात गेली आणि तिच्याबरोबर काढणाऱ्यांची नावेही गेली. मी ती ओळखीच्या एका दुकानातल्या जुन्या संगणकावर लावून पाहिली. कारखान्यात छापलेल्या सीडीवर खड्डे ठोकलेले असतात, ते टिकतात. कोऱ्या सीडीवर मात्र एक रंगाचा थर असतो, त्याच थरावर लेसर खुणा करतो, आणि तो थर उन्हाने, उष्म्याने, वर्षांनी विटत जातो. आमच्या पत्र्याच्या पेटीत परभणीचे वीस उन्हाळे! सहासात मिनिटे चित्र दिसले. एक हवालदार उलट्या बाजूने सायकलवर बसलेला, त्याच्यामागे पोरांचा घोळका. मग चित्राचे चौकोन झाले आणि सारे थांबले.

घरी येऊन मी अण्णांना एवढेच म्हणालो, की हवालदार सायकलवर उलटा बसतो तिथे बंद पडले. अण्णा हसू लागले. म्हणाले, “त्याच्या आधीचं तुला म्हायतीच न्हाई, तर कसं कळंल?” आणि त्यांनी पहिली तबकडी सुरुवातीपासून सांगितली. चोराची चाल, हवालदाराचा तोतरेपणा, बायकोचा झाडू, सगळे आवाज काढून. आई भांडी घासता घासता थांबली. मी माझ्या अण्णांना इतके बोलताना पूर्वी पाहिले नव्हते. रात्री मी ते वहीत उतरवून काढले. नावांची जागा मोकळी सोडली.

मित्रहो, मालेगावच्या कलाकारांपैकी अनेकजण नंतर यूट्यूबकडे वळले. नासिर आणि त्याच्या मित्रांवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा सिनेमा काढला. तो २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्या चित्रगृहांत आला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही, त्यांच्या तबकड्या घरोघरच्या पेट्यांत विटत आहेत. ज्यांच्या घरी अशा सीड्या असतील, त्यांनी त्या टाकून देण्याआधी एकदा लावून पाहाव्यात. निदान सुरुवातीची नावे तरी कागदावर उतरवून घ्यावीत. पुढे ढकलू नयेत.

आपले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनाबाईंची स्वतःची वेगळी पोथी नव्हती. त्यांचे अभंग लोकांनी ऐकले, म्हटले, उतरवले आणि नामदेवांच्या गाथेत सांभाळून ठेवले. म्हणजे तेही नकलेवरच जगले. पण जनाबाईंनी आपले नाव अभंगाच्या आत, शेवटच्या चरणात गुंफले होते. म्हणून उतरवणाऱ्याला ते गाळता आले नाही. मालेगावच्या मंडळींनीही नकळत तसेच केले असावे. सिनेमाच्या नावात त्यांनी गावाचे नाव घातले. म्हणून माणसांची नावे गेली, तरी आमच्या तबकडीवर स्केचपेनच्या दोन शब्दांत ते गाव उरले आहे.

यंदा परीक्षेचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना पुन्हा आला, तर मी लिहीन: हमाली, पूर्वी सीडीचे दुकान.